उजव्या गालावरच्या सुरकुत्या डाव्या गालापेक्षा जास्त का? आणि त्यावर उपाय काय?

दिंडोरी_रस्ता

नमस्कार. मी 47 वर्षांची शिक्षिका असून नाशिकमध्ये माखमलाबाद परिसरात राहते. गेली 14 वर्षे दिंडोरी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत नोकरी करते आणि रोज स्वतः गाडी चालवत ये-जा करते. गेल्या दोन-तीन वर्षांत चेहऱ्यावर सुरकुत्या दिसू लागल्या आहेत. वयानुसार त्या येणारच हे मला मान्य आहे, परंतु भाचीच्या लग्नातील छायाचित्रे पाहताना एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेपासून निघालेल्या तीन रेघा हसणे थांबले तरी तशाच राहतात. डाव्या बाजूला मात्र त्या हसताना उमटतात आणि चेहरा शांत झाला की मावळतात. उजव्या गालाचा रंगही थोडा गडद झाला असून तेथे बारीक डाग आहेत.

सासूबाई म्हणतात की मी नेहमी उजव्या कुशीवर झोपते, त्याचा हा परिणाम असावा. ब्यूटी पार्लरमधील ताईंनी मात्र त्वचा 'ढिली' झाल्याचे सांगून एक क्रीम दिले. पांढरी डबी आहे, गुलाबाचा वास आहे, आणि झाकणावर हाताने लिहिलेल्या तारखेखेरीज काहीही नाही. बारा रात्री ते लावल्यावर चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसू लागला आहे, म्हणून दुसरी डबी घ्यावी असे वाटते. पण घटक कोणते हे ठाऊक नसल्याने मन धजावत नाही.

आलेल्या सुरकुत्या खरोखर कमी होतात का, की आहेत तेवढ्यावर थांबवणे एवढेच शक्य असते? माझी मुलगी 19 वर्षांची आहे. तिने आतापासून काय करावे? शिक्षिकेच्या पगारात बसेल असा, डोळसपणे करता येण्याजोगा उपाय कोणी सांगितला तर आभारी राहीन.

भूगोल_निवृत्त

ताई, मी वैद्यक जाणणारा नाही, आयुष्यभर भूगोल शिकवला आहे, म्हणून तुमच्या प्रश्नातील रस्ता आधी डोळ्यांपुढे आला. दिंडोरी नाशिकच्या उत्तरेला आहे. सकाळी तुम्ही उत्तरेकडे तोंड करून गाडी चालवता, तेव्हा सूर्य पूर्वेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला असतो. संध्याकाळी दक्षिणेकडे परतता, तेव्हा तो पश्चिमेला कललेला असतो आणि पश्चिम पुन्हा तुमच्या उजव्या हातालाच येते. आपल्याकडे चालकाची बैठक उजवीकडे असल्यामुळे त्या बाजूची खिडकी तुमच्या गालापासून हातभर अंतरावर असते. म्हणजे 14 वर्षे, जाताना आणि येताना, ऊन एकाच गालावर पडत राहिले. तुम्ही सिन्नरच्या शाळेत असता तर हिशेब वेगळा झाला असता.

काच बंद असल्यामुळे ऊन लागत नाही असे आपल्याला वाटते, कारण चटका बसत नाही. चटका देणारे किरण काचेत अडतात हे खरेच आहे, पण सर्व किरण अडत नाहीत. 2012 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याने 28 वर्षे मालवाहू गाडी चालवली होती. तेथे चालक डावीकडे बसतो, आणि त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. त्वचा जाड, खोल घड्यांची, लोंबलेली. दोन्ही गाल एकाच माणसाचे, एकाच वयाचे, एकाच आहारावर पोसलेले. फरक फक्त खिडकीचा होता.

कुशीवर झोपल्यानेही घड्या पडतात असे वाचले आहे, त्यामुळे सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु रंग गडद होणे आणि डाग पडणे हे उशीमुळे होणार नाही. बाकीचे जाणकारांनी सांगावे.

त्वचा_गंगापूर_रोड

मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून नाशिकमध्ये काम करते. वरील निरीक्षण अचूक आहे आणि रुग्णांना समजावताना मीही यापुढे दिशेचा प्रश्न विचारीन.

प्रथम सर्वांत तातडीचे सांगते. ती डबी आजपासून लावू नका, पण फेकूनही देऊ नका. तपासणीला जाताना सोबत न्या. घटक न छापलेले, बारा दिवसांत चेहरा उजळवणारे क्रीम म्हटले की माझ्या मनात पहिली शंका स्टेरॉइडची, म्हणजे दाह दाबणाऱ्या तीव्र औषधाची, येते. खऱ्या उपचाराने सुरकुत्या बारा दिवसांत कमी होत नाहीत. फार दिवस न झाल्यामुळे तुमच्या त्वचेवर कायमचा परिणाम होण्याची शक्यता कमी आहे, मात्र बंद केल्यावर लाली, आग किंवा पुटकुळ्या आल्यास घाबरून पुन्हा तेच लावू नका, डॉक्टरांकडे जा.

आता सुरकुत्यांविषयी. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंची वीण असते; पहिल्यामुळे त्वचेला भरीवपणा येतो आणि दुसऱ्यामुळे ताणली गेलेली त्वचा पूर्ववत होते. विशीनंतर कोलॅजन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटते असे मानले जाते, आणि स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ही घट सुमारे 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हे वयाचे देणे झाले. त्यावर उन्हाचे देणे चढते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यासाठी महत्त्वाचे. यूव्हीबी किरण त्वचा भाजतात आणि काचेत बहुतांशी अडतात. यूव्हीए किरण अधिक खोल जातात, कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) चालना देतात, आणि गाडीच्या बाजूच्या काचेतून ते बऱ्याच प्रमाणात आत येतात. समोरची काच दोन थरांमध्ये पटल घालून केलेली असल्याने ती यूव्हीए जवळजवळ पूर्ण अडवते. पुढून सुरक्षित, बाजूने उघडे, असा प्रकार होतो. काचेला काळी फिल्म लावावी असे कोणी सुचवील, तर 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला मनाई केली होती हे लक्षात असू द्या.

तुम्ही डाव्या आणि उजव्या रेघांमधील जो फरक टिपला आहे तो उपचाराच्या दृष्टीने मोलाचा आहे. चेहरा हलला की दिसणाऱ्या आणि एरवी मावळणाऱ्या रेघा स्नायूंच्या आकुंचनाने पडतात. स्थिर चेहऱ्यावर राहणाऱ्या रेघा म्हणजे त्या घडीखालचे तंतू विरळ झालेले असतात. याशिवाय तिसरा प्रकार नाशिकच्या थंडीत पुष्कळ दिसतो. निफाडकडचा पारा उतरला, हवा कोरडी झाली की डोळ्यांखाली बारीक जाळी पडते. ती सुरकुती नव्हे, तो कोरडेपणा आहे. अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर लावले की तो दोन-तीन दिवसांत निघून जातो. महागड्या क्रीमच्या जाहिरातीतील 'तत्काळ परिणाम' बहुधा एवढाच असतो.

सनस्क्रीन हा प्रतिबंध तर आहेच, पण मी त्याला उपचार मानते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात नॅम्बोर येथे 55 वर्षांखालील 903 जणांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात त्वचेचे वार्धक्य, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत 24 टक्के कमी आढळले. एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या नळीवरील संरक्षणाचा आकडा; एसपीएफ 30 यूव्हीबीचा सुमारे 97 टक्के भाग अडवतो आणि 50 सुमारे 98 टक्के, त्यामुळे आकड्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही. एसपीएफ हा आकडा मुख्यत्वे यूव्हीबीचा आहे. तुमच्या खिडकीतून येणाऱ्या यूव्हीएसाठी नळीवर 'पीए' या अक्षरांपुढे किमान तीन अधिक-चिन्हे आहेत का ते पाहा. प्रमाण मात्र पुरेसे हवे. तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन पट्ट्या चेहरा आणि मान मिळून लागतात. बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीन निरुपयोगी आहे असे म्हणतात. तुम्हाला डागही असल्याने आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक योग्य ठरेल, कारण दृश्य प्रकाशानेही आपल्या वर्णाच्या त्वचेवरील डाग गडद होतात. शाळा सुटल्यावर निघण्यापूर्वी ते पुन्हा लावावे लागेल. सकाळचे तोवर टिकत नाही.

आलेल्या सुरकुत्यांवर सर्वाधिक अभ्यासलेले औषध म्हणजे ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाचे एक रूप. ते मुळात मुरुमांसाठी वापरले जाई. उन्हाने रापलेल्या त्वचेवरील त्याच्या परिणामाविषयी अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी 1986 मध्ये लिहिले, आणि 1995 मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्याचे एक क्रीम बारीक सुरकुत्यांसाठी मान्य केले. ते नवे कोलॅजन तयार होण्यास मदत करते. सुरुवात 0.025 टक्क्यांपासून, आठवड्यातून दोन रात्री, संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे. चेहरा धुऊन पंधरा-वीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्यावा, मग हे लावावे, त्यावर मॉइश्चरायझर. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून द्यावेत. पहिले काही आठवडे साल निघते, चुरचुरते. तेव्हा बंद न करता दिवसांतील अंतर वाढवावे. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गर्भारपणात आणि गर्भधारणेचा विचार असताना हे औषध वापरू नये. आणखी एक गोष्ट स्त्रियांना कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते: हे औषध चालू असताना ओठांवर वॅक्सिंग केल्यास वरची त्वचा सोलून निघते. किमान आठवडाभर आधी औषध थांबवावे, किंवा थ्रेडिंग करावे.

हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे आणि ते चेहरा पाहून ठरवायचे असते, म्हणून माझे लिखाण चिठ्ठी समजू नये.

औषधदुकान_पंचवटी

डॉक्टरांनी स्टेरॉइडची शंका बोलून दाखवली, त्याला माझा अनुभव जोडतो. मी 30 वर्षे औषधाच्या दुकानात उभा राहिलो. दुकानात येणारी बहीण नळीचे नाव सांगत नाही. रिकामी नळी काउंटरवर ठेवते आणि "हीच द्या" म्हणते. नळी उलटी केली की मागे बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेले असते. ही औषधे वाईट नाहीत. इसब, सोरायसिस अशा आजारांत, ठरावीक दिवसांपुरती ती उत्तम काम करतात. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली की मात्र त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या लाल जाळ्यासारख्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते, आणि चुलीजवळ उभे राहिले तरी तोंड भाजल्यासारखे होते. सुरकुत्या घालवायच्या म्हणून आणलेले क्रीम त्वचा पातळ करून शेवटी सुरकुत्याच वाढवते.

माझ्या घरातच हे घडले आहे. धाकट्या वहिनीने दुसऱ्या एका दुकानातून आणलेली नळी दोन वर्षे लावली. सोडायचा प्रयत्न केला की चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद होई, आणि पुन्हा लावले की शांत. ती त्याला 'क्रीम सोसते' असे म्हणत असे. त्यातून बाहेर पडायला तिला त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली जवळजवळ वर्ष लागले, आणि गालांवरील लाल रेषा अजूनही पूर्ण गेलेल्या नाहीत. त्या वेळी मी दुकानदार असूनही तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले नाही, याची खंत मला आजही आहे.

2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइड औषधांना चिठ्ठीशिवाय विक्रीसाठी असलेली सवलत काढून घेतली. तरीही त्यांची विक्री थांबली असे मी म्हणणार नाही. म्हणून प्रत्येकाने नळीची मागची बाजू वाचावी: ज्या घटकाच्या नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' येते, तेथे थांबून विचारावे. सगळीच अशी नावे स्टेरॉइडची नसतात, पण विचारल्याने नुकसान होत नाही. आणि ज्या डबीला मागची बाजूच नाही, ती हातात घेऊ नये.

बागाईतदारीण_पिंपळगाव

मी द्राक्षबागेत काम करते आणि करवून घेते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्च-एप्रिलच्या काढणीपर्यंत आम्हा बायकांचा दिवस बागेतच जातो. मांडवाखाली सावली असते असे बाहेरच्यांना वाटते, पण विरळणी करताना मान वर आणि डोळे किलकिले करून घडाकडे पाहावे लागते, आणि पानांतून येणारे ऊन नेमके तोंडावर पडते. माझ्या कपाळावरच्या आडव्या रेघा आणि डोळ्यांच्या कडांच्या घड्या त्या किलकिल्या डोळ्यांतून आल्या आहेत, असे मला वाटते.

दोन प्रश्न विचारते. घाम येतो तेव्हा सनस्क्रीन डोळ्यांत उतरून झोंबते. मग काय करावे? आणि आमच्याकडे द्राक्षाचा गर तोंडाला चोळण्याची पद्धत आहे, त्याने सुरकुत्या जातात असे सांगतात. त्यात तथ्य आहे का?

शहरातील बहिणींना एक सुचवते. स्कूटरवर जाताना जो सनकोट आपण घालतो, तो पांढरा आणि विटलेला असेल तर बदला. उन्हाकडे धरला आणि आरपार दिसले, तर ऊनही आरपार जाते. दाट विणीचा, गडद रंगाचा सुती कपडा अधिक अडवतो.

त्वचा_गंगापूर_रोड

ताई, तुमचे किलकिल्या डोळ्यांचे निरीक्षण बरोबर आहे. एकाच घडीवर वर्षानुवर्षे त्वचा दुमडली की ती घडी कायम होते. रुंद काठाची टोपी आणि साधा पण यूव्ही संरक्षण असलेला गॉगल यांनी डोळे ताणावे लागत नाहीत. घामासाठी 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेले झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन घ्या आणि भुवयांच्या वर ते लावूच नका. तो भाग टोपी आणि रुमालावर सोपवा. बागेत दर दोन तासांनी पुन्हा लावणे अवघड आहे हे मला समजते, म्हणून तुमच्या बाबतीत कापडाला मी पहिले स्थान देईन आणि सनस्क्रीनला दुसरे. तुम्ही सनकोटाची केलेली परीक्षा योग्य आहे.

द्राक्षात टार्टारिक आम्ल असते आणि त्याच गटातील आम्ले आम्ही केमिकल पीलमध्ये, म्हणजे आम्लाने त्वचेचा वरचा थर काढण्याच्या उपचारात, वापरतो, त्यामुळे या समजुतीला कोठेतरी आधार आहे. पण गरातील आम्लाची तीव्रता आपल्या हातात नसते, आणि तेवढ्याने सुरकुती जात नाही. लिंबाबद्दल मात्र स्पष्ट सांगते: लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे फोड येऊन महिनोन्महिने टिकणारे काळे डाग पडू शकतात. साय, बेसन, खोबरेल तेल यांनी फारसे नुकसान नाही. कोरडेपणा कमी होतो, सुरकुत्या नाही.

इंदिरानगर_52

मी 52 वर्षांची आहे. दोन भुवयांमधील उभ्या रेघांसाठी दोनदा बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन घेतले आहे. त्याबद्दल आपल्याकडे कुजबुजूनच बोलले जाते, म्हणून उघडपणे लिहिते. सुई अगदी बारीक असते, पाच ठिकाणी टोचले. चौथ्या दिवशी फरक जाणवू लागला आणि दोन आठवड्यांनी पूर्ण दिसला. पहिल्या खेपेस साडेतीन महिन्यांत आणि दुसऱ्या खेपेस जवळपास चार महिन्यांत रेघा परत आल्या. घेण्याआधी हे मनाशी नीट ठरवायला हवे होते, कारण खर्च एकदाचा नसतो.

पहिल्यांदा मी एका सौंदर्य केंद्रात गेले होते. तेथे डॉक्टर दिसले नाहीत आणि बाटली आधीच उघडलेली होती, म्हणून मी परत आले. नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी बाटली माझ्यासमोर उघडली, किती युनिट दिली ते कागदावर लिहून दिले, आणि दिंडोरी_रस्ता यांच्या उजव्या बाजूसारख्या स्थिर रेघांवर याचा परिणाम मर्यादित असतो हेही आधीच सांगितले. फिलर, म्हणजे त्वचेखाली भर घालणारे इंजेक्शन, घेण्याचा विचार मी सोडून दिला, कारण चुकून रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टीलाही धोका संभवतो असे त्यांनी न लपवता सांगितले.

दिंडोरी_रस्ता

सर्वांचे मनापासून आभार. भूगोलाच्या सरांचे उत्तर वाचून मी काल शाळेतून येताना म्हसरूळजवळ गाडी बाजूला घेतली आणि आरशात पाहिले. साडेपाचचे ऊन उजव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत पसरलेले होते आणि डावा गाल पूर्ण सावलीत होता. चौदा वर्षे हे माझ्या शेजारी घडत होते. क्रीम बंद केले आहे, शनिवारी तपासणीसाठी वेळ घेतली आहे आणि डबी पिशवीत ठेवली आहे.

मुलीबद्दल राहिले. ती समाजमाध्यमांवर पाहून आताच रेटिनॉल आणि कोलॅजनची पावडर मागवायची म्हणते. मागवू द्यावी का? आणि उपचार मानेलाही करायचा असतो का?

त्वचा_गंगापूर_रोड

एकोणिसाव्या वर्षी सुरकुत्यांसाठी रेटिनॉलची (अ जीवनसत्त्वाच्या सौम्य रूपाची) गरज नाही. तिला सनस्क्रीन, साधा फेसवॉश आणि गरज पडल्यास मॉइश्चरायझर पुरे आहे. धूम्रपान कधीही सुरू करू नये, कारण उन्हाखालोखाल त्वचेचे नुकसान त्याने होते. खाल्लेले कोलॅजन पोटात पचून त्याचे तुकडे होतात. ते थेट गालावर जाऊन बसत नाही. ते पैसे डाळी, अंडी, दूध आणि फळे यांवर खर्च झाले तर अधिक बरे.

आपल्या वर्णाच्या त्वचेत रंगद्रव्य जास्त असल्याने सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात, पण डाग लवकर पडतात आणि त्वचेला इजा झाली की काळपट खूण राहते. म्हणून शनिवारी कोणी पहिल्याच भेटीत लेझर किंवा खोल पील सुचवले, तर सनस्क्रीनचे तीन महिने आधी पूर्ण करू द्या असे सांगा.

मानेला सनस्क्रीन पहिल्या दिवसापासून लावा, विशेषतः उजव्या बाजूला आणि कानाच्या पाळीमागे. ट्रेटिनॉइन मानेला लगेच नको. तेथील त्वचा नाजूक असते आणि लवकर चिडते. चेहऱ्याला सवय झाल्यावर, साधारण दोन महिन्यांनी, आठवड्यातून एक रात्र मॉइश्चरायझरमध्ये मिसळून सुरू करता येते. स्टिअरिंगवर असणारा उजव्या हाताचा पंजाही विसरू नका, तोही 14 वर्षे त्याच खिडकीशी आहे.